सोनिकाचा नवस कुठं फेडायचा

फुलवंताला धार पाहायची होती. एखाद्या माणसाला वांगं चालत नाही हे जसं सगळ्या घराला माहीत असतं, तसं हेही सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याबद्दल कुणी काही करत नव्हतं.

आमगावच्या पुढं पिपरटोला म्हणून गाव आहे. निम्म्याहून जास्त घरं पोवारांची. पोवार म्हटलं की माळवा आलाच. आपले पूर्वज तिकडून, धारनगरीहून इकडे वैनगंगेच्या खोऱ्यात आले, हे इथलं पोर पाटीवर अक्षर काढण्याआधी शिकतं. पण शिकणं निराळं आणि ध्यास घेणं निराळं. फुलवंताचा ध्यास तिच्या आईपासूनचा होता. आई रुख्मा लग्नाघरची गाणी म्हणायची. पंचक्रोशीत कुठंही मांडव पडला की रुख्माला बोलावणं असायचं, आणि लहानगी फुलवंता तिच्या मांडीवर डोकं ठेवून गाणी ऐकत झोपायची. त्या गाण्यांत नवरदेव धारहून निघायचा, तळ्याच्या काठानं यायचा, गडावरच्या कालिकेच्या पायऱ्यांवर टेकून पुढं जायचा. रुख्मानं धार कधी पाहिली नव्हती. पण गायला बसली की कालच तिकडून बाजार करून आल्यासारखी गायची.

त्यामुळं फुलवंताच्या डोक्यात धार अख्खी होती. वेशीतून आत शिरलं की कोणत्या हाताला वळायचं, तळं कुठं, पायऱ्यांशी सावली कसली, सगळं. लग्न होऊन पिपरटोल्याला आली तेव्हा हे सामान ती बरोबर घेऊन आली. समाजाची मंडळी बस करून धारला जाऊन आली की ती पुरणाची पोळी घेऊन त्यांच्या दारी जायची आणि विचारायची, "तळं कोणत्या अंगाले हाय वो? पायऱ्या चढताना दिसते का, का वर गेल्यावर?" माणसं गोंधळायची. दर्शन झालं, जेवलो, पाय दुखले, परत आलो, एवढंच त्यांना सांगता यायचं. घरी येऊन ती नवऱ्याला म्हणायची, "हे गेले होते का नुसते बसमंदी बसून आले?"

झामसिंग, तिचा नवरा, हसायचा. "धारले तुझा मामा हाय का गं? एवढी कायले चौकशी?"

"असंल पन. आपले सगळे मामे तठलेच."

स्वतः फुलवंतानं पाहिलेला मुलूख असा: गोंदिया, बालाघाट, प्रतापगडची जत्रा आणि सासऱ्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी एकदा नागपूर. तेही दवाखान्याच्या खिडकीतून.

मग १९९९ साल आलं. धान कापणीला आला होता. पाच वर्षांची सोनिका तापानं फणफणली, आणि दुसऱ्याच दिवशी बोलेनाशी झाली. गोंदियाच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, मेंदूचा मलेरिया. पोर डोळे मिटून पडलेली, हाताला सलाईन. दार धरून झामसिंग उभा, आणि भिंतीशी धाकटी जाऊ रविता मांडीवर डबा घेऊन बसलेली. भर दुपार होती. फुलवंता पोरीच्या पायथ्याशी उभी राहिली आणि काहीतरी बोलली.

काय बोलली, ते तिला आठवत नाही. फिनाईलचा वास आठवतो. हिरव्या पडद्याची एक कडी निघाली होती आणि तो एका बाजूनं लोंबत होता, ते आठवतं. आपलं तोंड हललं आणि तोंडातून आवाज निघाला, हेही आठवतं. शब्द नाहीत.

संध्याकाळी पोरीनं पाय हलवला. आठवड्याभरानं ती घरी आली, आणि अंगणात बसून पेज मागायला लागली.

सासू सुशिलाबाई होती तेव्हा. तिनं सुनेला विचारलं, "नवस बोलली म्हणते रविता?"

"हो."

"कोणाचा, ते मनात हाय ना?"

"हाय."

पोर मरणाच्या दारातून परत आली असताना, नाही म्हणणारी आई कुठली असेल? सुशिलाबाईनं फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी आणि रुपया घालून गाठ मारली आणि ती पुरचुंडी स्वयंपाकघरातल्या चौरीशी, म्हणजे देवाच्या मातीच्या बैठकीशी ठेवून दिली. नवस फिटेपर्यंत अशी पुरचुंडी तिथून हलवत नाहीत.

त्यानंतर बोअरिंगवर पाणी भरताना कुणीतरी सहज विचारलं, "कोणाचा नवस वो?" आणि फुलवंताच्या तोंडून निघालं, "धारच्या कालिकेचा." इतकं सहज, की विचारणारीनं मान हलवली आणि घागर उचलली. त्या दिवसापासून तो धारचा नवस झाला.

लेकीचा नवस तिच्या लग्नाच्या आत माहेरानं फेडायचा, अशी इकडची रीत. एकदा पोर दुसऱ्या घरी गेली की तिचं कूळ बदलतं, मग ते देणं कुणाच्या नावावर राहायचं? म्हणजे फेडायला पुष्कळ वर्षं होती. कधी पाऊस लांबला, कधी म्हैस व्यायली, कधी सासू आजारी पडली आणि एके वर्षी गेलीच. फुलवंताला त्या उशिराचं दुःख नव्हतं. उलट बरं वाटायचं. नवस आहे म्हणजे धार आहे. आज ना उद्या घरच्यांना आपल्याला तिकडे न्यावंच लागणार, आणि त्यात आपली हौस म्हणून कुणी बोट दाखवायला नको. देवीचं काम.

२०१४ साली सोनिकाचं ठरलं. ती आमगावच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. मुलगा दुर्गेश, वाराशिवनीचा, माणसं बरी. साखरपुड्याला सुवाऱ्या-बडे तळले, पाहुणे जेवून गेले, लग्न अकतीनंतरचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचं धरलं. आणि पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सोनिकाला ताप आला. साधा ताप, गोळी दिली की उतरायचा, पुन्हा चढायचा. पण फुलवंताच्या हाताला त्या कपाळाची ऊब लागली आणि मधली सगळी वर्षं गळून पडली. ती पुन्हा त्या हिरव्या पडद्याशी जाऊन उभी राहिली.

रविता बघायला आली ती दारातूनच म्हणाली, "बाई, पोरीचा नवस फेडला का नाही?"

"फेडाचा हाय. लग्नाच्या आत धारले जाऊन येऊ."

"धारले? धारले कायले?"

"नवस धारचा हाय ना."

रविता पदर सावरून खाली बसली. "कोन म्हणते? डोंगरगडचा हाय. मी तठीच बसली होती डबा घेऊन. तू हात जोडले अन् म्हणलीस, माय बमलाई, माझी पोर उठू दे, तुझ्या पायऱ्या चढवतो तिले. मी सोताच्या कानानं ऐकली."

"मी त कालिका म्हणली."

"बमलाई म्हणलीस."

अंगणात झामसिंग फवारणीचा पंप खोलून बसला होता. तिथूनच तो म्हणाला, "दोघीबी चुकून रायल्या. नर्मदामाईचं नाव घेतलं होतं. अमरकंटकले नेऊन ओटी भरतो म्हणे."

"तुमी त दारात उभे होते."

"दारात उभा होतो. बहिरा नव्हतो."

"मग इतके वर्षं काऊन नाही बोलले?"

"तू इचारली का कधी? तू त सगळ्या गावाले धार सांगत फिरली. मी म्हणलो, दोन नवस असतीन."

खाटेवरून, चादरीच्या आतून सोनिकाचा आवाज आला. "माझा ताप उतरला, कोनी इचारा त."

फुलवंतानं चौरीशी जाऊन पाहिलं. मध्ये स्वयंपाकघरात फरशी बसवली तेव्हा सुशिलाबाईनं देवाजवळच्या साऱ्या पुरचुंड्या एका डब्यात घालून तिथंच ठेवल्या होत्या. फुलवंतानं डबा उघडला. आत तीन पुरचुंड्या. देवीची असेल तर फडकं लाल असतं, दुसऱ्या देवाची असेल तर पिवळं किंवा पांढरं. पण धुरानं आणि वर्षांनी तिन्ही फडकी एकाच रंगाची झाली होती, चहाच्या गाळणीसारखी. त्यातल्या दोन सुशिलाबाईच्या स्वतःच्या असणार. त्या नवसांचं काय झालं ते विचारायला आता कुणी नव्हतं. फुलवंतानं तिन्ही हातात घेऊन पाहिल्या, वास घेतला आणि पुन्हा ठेवून झाकण लावलं.

सोनिकाचा ताप गेला. फुलवंताचा गोंधळ राहिला.

ती लाखोळीच्या शेंगा बडवत असताना एकदा तिच्या मनात आलं, रविताला बमलाईच काऊन ऐकू आली? रविताचं माहेर सालेकशाच्या अंगाला. तिथून डोंगरगड दोन-चार ठेसनं. पोरगी असताना ती दर नवरात्रात आईसोबत चालत जायची. आई गेली, भाऊ वेगळे झाले, आणि त्या बाजूच्या गाडीत बसायला रविताला काही निमित्तच उरलं नाही. आणि झामसिंग? तो लहान असताना गावच्या मारुतीच्या देवळात एक परिक्रमावासी बुवा मुक्कामाला होता. त्यानं सांगितलं होतं की अमरकंटकला नर्मदा करंगळीएवढी निघते, माणूस ओलांडून जाईल एवढी. पाटाचं पाणी धानाला देता देता झामसिंग हे अजून सांगतो. "एकदा पाहाले पायजे. करंगळीएवढी म्हणते."

म्हणजे ज्याला जिथं जायचं होतं, तेच त्याला त्या दिवशी ऐकू आलं होतं.

हे कळल्यावर फुलवंताला हसू आलं. दोघांनाही पकडल्यासारखं वाटलं तिला. काठी उचलून तिनं दोन-चार वेळा बडवलं आणि मग ती थांबली. मग आपल्याला धार कशी आठवते? आपण बोललो म्हणून, की आपल्याला जायचं आहे म्हणून? पोर तिथं डोळे मिटून पडलेली आणि आपण आपली धार मागत होतो काय?

ती आठवायला बसली. पडदा, कडी, वास, तोंड. तिनं मनात म्हणून पाहिलं, कालिकामाय, माझी पोर उठू दे. बरोबर वाटलं. बमलाईमाय, माझी पोर उठू दे. तेही बरोबर वाटलं. नर्मदामाय. तेही आपल्याच आवाजात ऐकू आलं. जितक्या वेळा म्हणून पाहावं तितकं ते खरं होत जायचं. चार दिवसांनी तिला तिन्ही नवस बोलल्याचं स्पष्ट आठवायला लागलं.

गावाच्या खालच्या टोकाला धुरपता म्हणून म्हातारी राहायची. ती दाणे पाहायची. कुणाचं काही अडलं की सुपातले तांदूळ चिमटीत घ्यायचे, जोड्या लावायच्या, एकटा दाणा उरला की देवाचं काही राहिलं आहे, असा कौल. फुलवंता शेर-दीड शेर तांदूळ घेऊन गेली.

धुरपतानं सूप पुढं ओढलं. "कोणाच्या नावानं पाहू?"

"तेच त इचाराले आली."

"म्हणजे?"

फुलवंतानं सगळं सांगितलं. धुरपतानं ऐकून घेतलं आणि सूप बाजूला सारलं. "देव कायले रुसला, हे दाणे सांगते. तू काय बोलली, हे दाण्यायले कसं माहीत राहीन? दाणे का दवाखान्यात होते?"

"मग मी काय करू, आजी?"

"जे जे नाव मनात येते, तठी तठी जाऊन ये."

"एवढं कोण फिरवंल मले?"

"मग जे पयले येते तठी जा." आणि तांदूळ मात्र तिनं ठेवून घेतले.

पहिलं तर धारच येत होतं. पण पहिलं येतं म्हणूनच फुलवंताला आता त्याचा भरवसा वाटेना. घरी येताना ती दोनदा वाट चुकली, स्वतःच्या गावात.

झामसिंगनं मग आपल्या परीनं निकाल लावून टाकला. चैत्रातल्या नवरात्रात डोंगरगडला जायचं. आमगावला गाडीत बसलं की तासा-दीड तासात तिथं, संध्याकाळी जनावरं बांधायला घरी. "सगळ्या देव्या बहिणी बहिणी हायत," तो म्हणाला. "एकीकडे दिलं का पोहोचते." स्वतःचं अमरकंटक त्यानं इतक्या सहजी सोडलं याचं फुलवंताला वाईट वाटलं. सोनिकाची परीक्षा चालू होती, शेवटचा पेपर झाला की निघायचं ठरलं. नारळ आला, चुनरी आली. फुलवंतानं ती पिशवीत भरली, काढून पाहिली, पुन्हा भरली.

मोहाची फुलं पडायला लागली होती. बांधावर त्यांची चार झाडं. पहाटेच गेलं नाही तर शेळ्या खातात, आणि ऊन चढलं की फुलं मऊ होतात. मायलेकी टोपल्या घेऊन गेल्या. खाली वाकून वेचता वेचता सोनिका म्हणाली, "माय, तू एवढी कायले झुरून रायली? देवीचं काही नव्हतंच."

"म्हणजे?"

"तू देवीशी बोललीच नाही. माझ्याशी बोलली. म्हणलीस, सोनी, डोळे उघड, जठी म्हणशीन तठी नेतो. मी म्हणली, समुद्रावर. तू म्हणलीस, नेतो."

फुलवंताच्या मुठीतली फुलं टोपलीत पडायची राहिली.

"तू सुदीवर नव्हती."

"असन नसन. मले आठवते."

"पाच वर्षाच्या पोरीले समुद्र काय माहीत?"

"बालवाडीच्या भिंतीवर होता ना काढलेला. निळा. त्यात एक मोठी मासोळी होती, अन् मासोळीले पापण्या होत्या."

भिंत फुलवंताला आठवत होती. पापण्यांची मासोळीही आठवत होती. पण ते चित्र सोनिका बालवाडीत असताना काढलं होतं की नंतर, पोलिओच्या डोसासाठी भिंती रंगवल्या तेव्हा, ते काही केल्या आठवेना.

"तू माझा पाय धरून उभी होती," सोनिका म्हणाली. "हाताले सलाईन होती म्हणून पाय."

हे खरं होतं. मग तिला वाटलं, रविता तिथं होती, आणि रविता कुठली गोष्ट सांगायची सोडते?

"मग आजवर बोलली काऊन नाही?"

"तू धार धार करत रायली. मले वाटलं, तुले जाचं हाय त जाऊ दे तुले."

"अन् आता काऊन सांगून रायली?"

"आता तुमी तिघं भांडून रायले म्हणून." सोनिकानं मान वर केली नाही.

ही पोरगी लहानपणी खोटं बोलली की तिचे हात फार कामात गुंतायचे. फुलवंतानं तिच्या हातांकडे पाहिलं. ते भराभरा चालले होते. पण मोह वेचताना सगळ्यांचेच हात भराभरा चालतात. खोटं असेल, तर कशासाठी? सासरी जायच्या आधी एकदा समुद्र बघायला मिळावा म्हणून? की आईच्या डोक्यावरून देव्यांचं ओझं उतरावं म्हणून? विचारून तरी काय? आईच्या प्रश्नाला ही पोर खरं उत्तर देईल की आईला बरं वाटेल ते, हेही तिला आता ठाऊक नव्हतं. आणि घरी पोहोचेपर्यंत सोनी डोळे उघड, जठी म्हणशीन तठी नेतो, हेही तिला स्वतःच्या आवाजात ऐकू यायला लागलं होतं.

आता चार झाले. तिघांचं फेडलं आणि चौथ्याचं खरं निघालं तर? रविता म्हणाली होती, कुणाकुणाच्या पोरीचं लग्नानंतर वर्षाच्या आत असं झालं आणि तसं झालं. फुलवंता मोहाची फुलं अंगणात वाळत घालायची आणि मध्येच हात थांबायचा. झामसिंग हाक मारायचा तर तिसऱ्या हाकेला ओ द्यायची. एकदा भातात मीठ दोनदा पडलं, एकदा पडलंच नाही.

डोंगरगडला निघायच्या आदल्या दिवशी झामसिंग जेवायला बसला होता. ती वाढता वाढता म्हणाली, "डोंगरगड कुठी जाऊन रायलं का?"

"म्हणजे?"

"जाग्यावरच राहीन ना? धारबी. तुमचं अमरकंटकबी."

"राहीन. पहाडं का चालतेत?"

"सोनिका राहीन का?"

झामसिंगनं घास खाली ठेवला.

"अकतीनंतर ती वाराशिवनीले," फुलवंता म्हणाली. "मग तिले समुद्रावर नेतो म्हणाले मी कोण? तिची सासू म्हणन, आमच्या सुनेले आमी नेऊ. देवी पंधरा वर्षं थांबली, अजून थांबन. थे पोरगी थांबणार नाही."

"तिनं सांगितलं ते खरं धरून रायली तू?"

"मले माहीत नाही."

"माहीत नाही, अन् समुद्रासाठी तेवढ्या दूर पुरीले जाशीन?"

"धारचं तरी कुठी माहीत हाय?"

झामसिंगनं पुन्हा भात कालवला. "अन् देवी कोपली त?"

हीच भीती तिला होती. पण त्याच्या तोंडून ऐकल्यावर ती मोठी झाली. क्षणभर तिला वाटलं, आपण गप्प बसावं, सकाळी आमगावची गाडी धरावी.

"कोपली त माझ्यावर कोपन," ती म्हणाली. "तिले सांगून जातो."

आणि तिनं खरंच सांगितलं. चौरीपुढं दिवा लावून तिनं हात जोडले. नाव कुणाचं घ्यावं ते कळेना, म्हणून नाव घेतलंच नाही. "ज्याचं असन त्यानं जरा थांबावं," एवढंच म्हणाली आणि घाईनं उठली, उत्तर यायच्या आत.

समुद्र पाहायला चाललो, असं गावात सांगता येत नाही. त्यांनी सांगितलं, जगन्नाथाला चाललो. दोन दिवसांत झामसिंग पानठेल्यावर लोकांना सांगत होता, "जगन्नाथाचाच नवस होता. मी दारातच त उभा होतो." रविता वाटेच्या पुऱ्या बांधून घेऊन आली आणि म्हणाली, "मले तवाच वाटलं होतं, बाई, का तू काहीतरी जगन्नाथासारखं म्हणली." फुलवंतानं तिच्याकडे नीट पाहिलं. रविता थट्टा करत नव्हती.

उन्हाळी धानाला पाणी सुरू होतं, म्हणून झामसिंग गेला नाही. गोंदियाला त्यानं दोघींना गाडीत बसवलं, समोरच्या बाकावरच्या माणसाला म्हणाला, "जरा देखना भैया, पहली बार जा रहे हैं," आणि गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभा राहिला. गाडी सुटली. आमगाव आलं आणि न थांबता गेलं. मग डोंगरगड आलं. खिडकीतून वरच्या टोकावरचं देऊळ दिसलं. फुलवंतानं बसल्या जागी हात जोडले आणि डोळे चुकवले, देणं बाकी असलेल्या दुकानासमोरून जाताना चुकवतात तसे.

पुरीला आधी देवळात जाऊन आल्या. गर्दीत तिला देवाचे डोळे तेवढे दिसले, मोठे, गोल. त्यांच्यापुढं काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. ढकलाढकलीत बोलायची वेळही आली नाही. मग रिक्षानं समुद्रावर.

आधी आवाज आला. फुलवंताला वाटलं, जवळ कुठंतरी धानाचं मशीन चालू आहे. मग रिक्षा वळली आणि समोर काहीच नव्हतं, नुसतं पाणी. निळं नव्हतं. सकाळच्या उजेडात ते राखाडी दिसत होतं, आणि सारखं उठत होतं, बसत होतं, पुन्हा उठत होतं. उंटावर बसून फोटो काढणारी माणसं, मोत्यांच्या माळा विकणारे, लाटेबरोबर मागं धावणारी बंगाली पोरं. एवढ्या मोठ्या पाण्याला पाळ नव्हती की घाट नव्हता. देवळात कुठं टेकायचं ते माणसाला कळतं. इथं पायरी नव्हती, उंबरठा नव्हता. तिनं वाकून पाण्याला हात लावून कपाळाला लावला, आणि खारट थेंब ओठावर आल्यावर तोंड पुसलं.

सोनिका चपला काढून पुढं गेली. घोट्यापर्यंत, मग गुडघ्याच्या खाली. फुलवंताही चपला सोडून मागोमाग गेली आणि तिचं मनगट पकडलं. पायाखालची वाळू सरकत होती. तिला वाटलं, हे पाणी आपल्या दोघींना ओढून नेतं आहे. तिनं मनगट आणखी घट्ट धरलं.

"दुखते ना, माय."

"दुखू दे."

सोनिका पाहत होती. फुलवंता समुद्राकडे पाहत नव्हती, पोरीच्या चेहऱ्याकडे पाहत होती. आनंद आहे म्हणावं तर पोरगी हसत नव्हती. नाही म्हणावं तर डोळे हलत नव्हते. हेच मागितलं होतं का हिनं? की आता, इथं आल्यावर, तिलाही शंका यायला लागली आहे? की ती वाराशिवनीचा विचार करते आहे? पाच वर्षांची असताना ताप चढला तरी या तोंडावरचं सगळं वाचता यायचं. आता ओळखीचं तोंड आहे, अक्षर लागत नाही.

देवी बोलत नाही. तिला विचारून उपयोग नसतो. पण हिला विचारता येत होतं. फुलवंतानं धीर केला.

"सोनी," ती म्हणाली, "फिटलं का?"

सोनिकानं मान वळवली नाही. "थांब ना, माय. अजून पाहूनच रायली."

फुलवंता थांबली. समुद्र किती वेळ पाहिला म्हणजे पाहून झाला, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं दोघींच्या चपला वरच्या कोरड्या वाळूत नेऊन ठेवल्या, त्यांच्यावर एक डोळा राहील अशा बेतानं परत आली, आणि पोरीचं मनगट धरून पुन्हा उभी राहिली.